भोक मारू नका, घासा : घरातल्या कठीण फरशीत छिद्र पाडताना

नवा वॉटर प्युरिफायर घरी येतो. बसवायला आलेला तरुण भिंतीवरचे काम अर्ध्या तासात उरकतो आणि ओट्यापाशी येऊन थबकतो. "ग्रॅनाइटला भोक तुम्हीच पाडून ठेवा. तडा गेला तर आमच्यावर येतं." तो निघून जातो. मग सुरू होते शोधाशोध. प्लंबर म्हणतो, फरशीवाल्याला बोलवा. फरशीवाला म्हणतो, एका भोकासाठी येणं परवडत नाही. शेवटी घरातलेच कोणीतरी शेजाऱ्यांचे ड्रिल मशीन मागून आणते आणि टाईलवर टेकवते.

यानंतर काय होते, ते वाचकांच्या प्रश्नांवरून कळते. प्रश्न वर्षानुवर्षे तेच आहेत. हॅमर चालू ठेवायचा की बंद? तीन बिट जळाले, भोक मात्र नखाएवढेही खोल गेले नाही, असे का? भाड्याचे घर आहे, मालकाला विचारावे लागेल का? कंपनीच्या माणसाने टाईल फोडली, भरपाई कोणाकडे मागायची?

पहिल्या दोन प्रश्नांचे मूळ एकच आहे. आपण 'ड्रिल मारतो', 'भोक मारतो', आणि भाषेतला तो मार हातातही उतरतो. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, हे पाथरवटासमोरच्या जाड दगडाला ठीक आहे. तुमची टाईल आठ-दहा मिलिमीटरची आहे आणि तिच्या मागे कुठे सिमेंट आहे, कुठे नुसती हवा. तिला घाव सोसत नाही. कठीण फरशी ठोकून भोक पडत नाही, ती घासून, झिजवून भोक पडते. हातात योग्य बिट, वर पाणी आणि अंगात थोडा धीर असेल तर हे काम कोणालाही घरी करता येते.

आधी दगड ओळखा

काळा ओटा म्हणजे ग्रॅनाइटच, असे नाही. जुन्या इमारतींत काळ्या ओट्याचा दगड पुष्कळदा पॉलिश केलेला कडप्पा असतो. कडप्पा, कोटा आणि शहाबादी हे तिन्ही चुनखडीचे दगड. संगमरवरही त्याच कुळातला. हे सगळे तुलनेने मऊ असतात. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झचे, म्हणजे गारेचे, स्फटिक असतात. गार पोलादालाही ओरखडा काढते, म्हणूनच साधा बिट तिथे हार मानतो.

घरच्या घरी ओळखायचे तीन मार्ग :

- खिळ्याची परीक्षा. ओट्याच्या खालच्या बाजूला, न दिसणाऱ्या कोपऱ्यात लोखंडी खिळ्याने रेघ ओढा. रेघ कोरली गेली तर दगड चुनखडीचा किंवा संगमरवर. खिळ्याचाच करडा माग उमटला आणि तो बोटाने पुसला गेला, तर ग्रॅनाइट.
- लिंबाची परीक्षा. लिंबाचा थेंब पडून चकाकी मेली असेल तर तो चुनखडीचा दगड किंवा संगमरवर. ग्रॅनाइटला लिंबाचे काही वाटत नाही.
- पाण्याची परीक्षा, टाईलसाठी. बांधकामातून उरलेली एखादी टाईल माळ्यावर असेल तर ती उलटी करून पाठीवर पाण्याचे थेंब टाका. लगेच शोषले गेले तर ती साधी सिरॅमिक टाईल, वरचा काचेसारखा थर कडक आणि आत मऊ. थेंब तसाच राहिला तर ती व्हिट्रिफाइड. ही भट्टीत इतकी घट्ट भाजलेली असते की पाणी अर्धा टक्काही शोषत नाही. ड्रिलच्या दृष्टीने ती ग्रॅनाइटच्याच पंगतीतली.

अलीकडे 'क्वार्ट्झ'चे ओटे आले आहेत. तो खाणीतला दगड नव्हे. गारेचा चुरा राळेत घट्ट करून केलेली ती पाटी असते. तिला डायमंड बिटच लागतो आणि पाणीही जास्त लागते, कारण उष्णतेने राळ करपते. तिच्या धुळीबद्दल पुढे वेगळे लिहिले आहे. ते वाचल्याशिवाय तिला हात लावू नका.

बिट कोणता?

हार्डवेअरच्या दुकानात 'टाईलचा बिट द्या' म्हणालात तर दुकानदार बहुधा भाल्याच्या टोकासारखा बिट हातात ठेवेल. तो सिरॅमिक टाईलसाठी आणि काचेसाठी चांगला. व्हिट्रिफाइडवर तो एखादे भोक कसेबसे पाडेल आणि बोथट होईल. ग्रॅनाइटवर नुसता गरम होईल.

- कडप्पा, कोटा, शहाबादी, संगमरवर : भिंतीसाठी वापरतात तो साधा कार्बाइड टोकाचा बिट चालतो. हॅमर बंद ठेवून. शहाबादी आणि कोटा थरांचे दगड आहेत, ठोकले तर पापुद्रा सुटतो.
- सिरॅमिक टाईल : भाल्याच्या टोकाचा बिट.
- व्हिट्रिफाइड, ग्रॅनाइट, क्वार्ट्झ : डायमंड कोअर बिट. हा आतून पोकळ नळीसारखा असतो आणि त्याच्या कडेला हिऱ्याची भुकटी बसवलेली असते. तो दगडाला गोल कापतो, मधला गाभा सबंध बाहेर येतो.

डायमंड बिटचे दोन प्रकार मिळतात. स्वस्तातला असतो त्यावर हिऱ्याचा एकच पातळ थर चढवलेला असतो. दोन-चार भोकांसाठी तो पुरतो, थर गेला की बिट संपला. दुसरा 'व्हॅक्यूम ब्रेझ्ड' नावाने विकतात. तो महाग असतो, पण त्यातले खडे घट्ट बसवलेले असतात आणि तो बराच टिकतो. घरात दोनच भोके पाडायची असतील तर पहिला घ्या, पण त्या मापाचे दोन घ्या. अर्ध्या भोकात बिट संपला आणि दुकान बंद झाले, की माणूस हातात असेल तो बिट रेटतो आणि टाईल तिथेच फुटते.

मशीनबद्दल दोन गोष्टी पाहा. एक, हॅमर पूर्ण बंद करण्याचे बटण हवे. दोन, वेग कमी-जास्त करता यायला हवा. ट्रिगर दाबताच थेट पूर्ण वेगाने फिरणारी जुनी मशीन या कामाला नकोत. इलेक्ट्रिशियनकडचे मोठे रोटरी हॅमरही नको. त्याच्या तोंडात खाचेचे बिट बसतात, गोल दांड्याचा डायमंड बिट त्यात नीट धरला जात नाही.

छिद्र लागणारच आहे का?

हा प्रश्न मशीन हातात घेण्यापूर्वी विचारा. हलक्या साबणदाणीला, ब्रशच्या कपाला, किल्ल्यांच्या हुकाला चिकटवायची चांगली टेप पुरते. प्युरिफायरचा नळ काही वेळा स्टीलच्या सिंकच्या काठावरच्या तयार छिद्रात बसतो, आधी त्या छिद्रावरचे झाकण उचकटून पाहा. जुन्या दांड्याची भोके तशीच असतील तर नवा दांडा त्याच मापाचा शोधा.

दोन टाईलमधल्या सांध्यात ड्रिल करा, असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. आपल्याकडचे सांधे दोन-तीन मिलिमीटरचे, बिट सहा-आठ मिलिमीटरचा. म्हणजे एका भोकात दोन टाईलच्या कडा सापडतात, आणि टाईल सर्वांत नाजूक असते ती कडेलाच.

गीझर, भांड्यांची मांडणी आणि शौचालयात म्हाताऱ्या माणसांसाठी लावायचा आधाराचा दांडा यांना मात्र चिकटवणे कधीही चालणार नाही. त्या दांड्यावर एक दिवस पूर्ण वजन पडणार आहे.

भिंतीच्या आत काय आहे?

टाईलच्या मागे काय आहे हे माहीत नसताना भोक पाडणे सर्वांत महागात पडते. नळाच्या आणि शॉवरच्या थेट वर, खाली आणि त्याच उंचीवर आडव्या रेषेत पाण्याचे पाइप असू शकतात. स्विचबोर्डच्या थेट वर-खाली वायर असतात. या पट्ट्या सोडा. गीझरचा पॉइंट आणि मिक्सर यांच्यामधला भाग पूर्ण टाळा, गरम-गार दोन्ही पाइप तिथेच असतात. नवे घर घेतलेल्यांनी आणि बाथरूम नव्याने करून घेणाऱ्यांनी टाईल लागण्याआधी प्रत्येक भिंतीचा, शेजारी मोजपट्टी धरून, फोटो काढून ठेवावा. दहा वर्षांनीही तो उपयोगी पडतो.

भिंत कशाची आहे, यावर पकड ठरते. जुनी विटांची भिंत गिट्टी, म्हणजे स्क्रूसाठी भोकात घालायचा प्लग, चांगली धरते. नव्या इमारतींत हलक्या पांढऱ्या ब्लॉकची भिंत असते, तिच्यात साधी गिट्टी सैल पडते. त्या ब्लॉकसाठीच्या वेगळ्या गिट्ट्या मिळतात, आणि जड वस्तूंसाठी केमिकल अँकर वापरतात. उंच टॉवरमध्ये 'मिवान' पद्धतीच्या भिंती सबंध काँक्रीटच्या असतात आणि त्यात सळया असतात. ड्रिल करताना बिट अचानक अडला आणि राखाडीऐवजी चकचकीत कीस आला तर ती सळई. तिथेच थांबा, जागा सरकवा. सळई कापू नका, ती इमारतीचा भार वाहते.

भिंतीवरच्या टाईलमध्ये छोटे छिद्र

टॉवेलचा दांडा, आरसा, कपाट यांसाठी साधारण सहा ते दहा मिलिमीटरचे छिद्र लागते. कृती अशी :

1. वाजवून पाहा. बोटाच्या पेराने किंवा नाण्याने टाईल वाजवा. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ आवाज आला तर त्या जागी ड्रिल नको, मागे आधार नसल्याने टाईल तिथेच फुटते. टाईलच्या कडेपासून किमान २५ मिलिमीटर आत राहा आणि कोपऱ्यापासून आणखी दूर.
2. टेप लावा. मास्किंग टेपचा फुलीसारखा तुकडा चिकटवून त्यावर खूण करा. दांड्याला दोन भोके असतील तर दोन्ही खुणा लेव्हल लावून आधीच करा.
3. हॅमर बंद. मशीनवरचे चिन्ह हातोडीचे नाही, बिटचे आहे ना, हे सुरू करण्यापूर्वी पुन्हा पाहा. सहा-आठ मिलिमीटरच्या बिटसाठी मिनिटाला हजार फेऱ्यांच्या आसपास किंवा थोडा कमीच वेग ठेवा.
4. तिरपी सुरुवात. पोकळ बिटला मधे टोक नसते. सरळ टेकवला तर तो टाईलवर नाचतो आणि चकाकीवर ओरखडे उठवतो. म्हणून तो ४५ अंशांत तिरपा धरून हळू सुरू करा. चंद्रकोरीएवढी खाच पडली की फिरता ठेवूनच हळूहळू सरळ करा.
5. पाणी. जोडीला एक माणूस हवा. त्याने फवाऱ्याच्या बाटलीतून बिटच्या टोकावर सतत पाणी मारायचे. खाली टेपने प्लॅस्टिकची पिशवी चिकटवा, गाळ तिच्यात पडेल.
6. दाब हलका. मशीन टेकेल इतकाच जोर. दर दहा-पंधरा सेकंदांनी बिट किंचित मागे घ्या, म्हणजे पाणी आत जाईल आणि भुकटी बाहेर येईल.
7. पार झाल्याची खूण. दुधासारखा पांढरा गाळ वाहत असेल तर काम नीट चालले आहे. गाळाचा रंग राखाडी किंवा विटकरी झाला आणि हाताला एकदम मऊ लागले, की टाईल संपली. थांबा.
8. बिट बदला. आता आत भिंत आहे, आणि तिच्यासाठी डायमंड बिट वाया घालवू नका. साधा भिंतीचा बिट लावा. काँक्रीट असेल तर इथे, आणि इथेच, हॅमर लावायला हरकत नाही. मात्र भिंतीचा बिट टाईलच्या छिद्रापेक्षा एक-दोन मिलिमीटर बारीक हवा, नाहीतर तो फिरताना टाईलची कड झोडपतो.
9. गिट्टी आत ढकला. स्क्रू घट्ट होताना गिट्टी फुगते. तिचे तोंड टाईलच्या जाडीत राहिले तर ती फुगून टाईललाच आतून फोडते. म्हणून खिळ्याच्या बोथट डोक्याने तिला टाईलच्या मागे ढकला. त्यामुळे स्क्रू लांब घ्यावा लागतो हे लक्षात ठेवा. टाईल, तिच्यामागचा मसाला आणि गिलावा ओलांडून तो भिंतीत पोचला पाहिजे. न्हाणीघरात छिद्रात थोडे सिलिकॉन भरूनच स्क्रू घाला आणि शेवटचे दोन-तीन वेढे हाताने आवळा.

पांढरा गाळ थांबून कोरडी भुकटी उडू लागली, करपल्याचा वास आला किंवा बिटचे टोक निळसर झाले तर तुम्ही पाणी कमी देत आहात. बिट फिरतो आहे पण पुढे जात नाही, असे झाल्यास जोर वाढवू नका. हिऱ्याचे कण गुळगुळीत झालेले असतात. एका जुन्या विटेवर किंवा सिमेंटच्या ब्लॉकवर पाणी टाकून तो बिट काही सेकंद चालवा. कण पुन्हा उघडे पडतात आणि बिट पुन्हा कापू लागतो. 'बिट जळाला' म्हणून टाकून दिलेले कितीतरी बिट एवढ्यानेच कामाला लागले असते. मात्र एकाच पातळ थराचा स्वस्त बिट असेल तर हे एकदाच, हलक्या हाताने करा. त्याच्या खाली दुसरा थर नसतो.

माझ्या घरी बाथरूममध्ये दांडा बसवायला आलेल्या कारागिराने हॅमर चालू ठेवून सुरुवात केली. मी शेजारी उभा होतो आणि पाहिलेही नाही. टाईल कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडकली. त्या रंगाची टाईल बाजारातून केव्हाच गेली होती. पायरी तीनमध्ये 'पुन्हा पाहा' असे लिहिले आहे, ते त्या दिवसापासून.

ओट्यावर नळाचे छिद्र

हे काम भिंतीपेक्षा सोपे आहे, कारण दगड आडवा असतो आणि पाणी जागेवर राहते. तरी लोक इथेच जास्त घाबरतात, आणि त्यांचे घाबरणे रास्तही आहे. टाईल फुटली तर एक बदलता येते, ओट्याला तडा गेला तर सगळा ओटा डोळ्यांसमोर येतो. ओट्याचा ग्रॅनाइट साधारण १६ ते २० मिलिमीटर जाड असतो. प्युरिफायरच्या नळाला सहसा १२ मिलिमीटरच्या आसपास आणि एका दांडीच्या सिंकच्या नळाला बहुतेक वेळा ३५ मिलिमीटरचे छिद्र लागते. तरी नळाच्या खोक्यातला कागद पाहूनच बिट घ्या.

खरी चूक होते ती जागा ठरवताना. वरून पाहून खूण केली जाते आणि खाली ओट्याला आधार देणारी कडप्प्याची उभी पाटी असते. छिद्र तिच्या डोक्यावर उतरते आणि नळाचा नट फिरवायला जागाच उरत नाही. म्हणून आधी खालचे कपाट रिकामे करा, बॅटरी घेऊन आत पाहा आणि सिंकच्या कडेपासून मोजमाप घेऊन तेच वर काढा. नळाची दांडी मागे झुकते तेव्हा ती भिंतीला लागणार नाही ना, हेही नळ जागेवर धरून तपासा.

सिंकसाठी कापलेल्या भागामागे, भिंतीलगत, दगडाची एक अरुंद पट्टी उरते. ओट्याची सर्वांत कमकुवत जागा तीच. कापलेली कड आणि नव्या छिद्राची कड यांत निदान ५० मिलिमीटर दगड राहत नसेल तर तिथे छिद्र पाडू नका. भिंतीतून निघणारा नळ लावा किंवा जागा बाजूला सरकवा. त्या पट्टीत आधीच केसाएवढी रेघ दिसत असेल तर कोणीही कितीही खात्री दिली तरी हात लावू देऊ नका.

आता कृती. झाडाभोवती करतो तसे खुणेभोवती आळे करा. घट्ट मळलेल्या कणकेची वळी गोल लावली की झाले. त्यात पाणी भरा. बिट सरकू नये म्हणून प्लायवूडच्या तुकड्याला आधी लाकडाच्या बिटने त्याच मापाचे भोक पाडून तो तुकडा दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने ओट्यावर बसवा. डायमंड बिट त्या भोकात उतरवला की तो कुठे पळू शकत नाही. तिरपी सुरुवात करायची गरजही उरत नाही. कणकेचे आळे या प्लायवूडभोवती करा.

मोठ्या बिटला वेग आणखी कमी हवा. ३५ मिलिमीटरसाठी मिनिटाला तीनशे ते पाचशे फेऱ्या पुरतात. मशीन सरळ उभे धरून मनगट हलके गोल डोलवत ठेवा, म्हणजे बिटच्या कडेखाली पाणी शिरत राहते. पाणी दाट झाले की स्पंजने टिपून नवे भरा. १२ मिलिमीटरचे छिद्र काही मिनिटांत होते. ३५ चे पंधरा-वीस मिनिटे घेऊ शकते. त्यात दर दोन-तीन मिनिटांनी थांबून मशीनलाही विसावा द्या.

शेवटच्या दोन मिलिमीटरला हात आवरा. दगड पार होताना खालच्या बाजूचा टवका उडतो, आणि जोर असेल तर मशीनसकट हात खाली आदळतो. ३५ मिलिमीटरसाठी आधीच खालून प्लायवूडचा तुकडा टेकवून त्याला लाकडी टेकू द्या. त्याच्याशेजारी बादली ठेवा, आळ्यातले पाणी एकदम खाली येणार आहे. गाभा बिटमध्ये अडकला तर मशीनचा प्लग काढूनच तो तारेने ढकलून काढा.

हॉबसाठी चौकोनी भाग कापणे किंवा सिंकचा आकार वाढवणे घरी करू नका. त्याला ग्राइंडर लागतो, कोपऱ्यांतून तडे जातात, आणि ते फरशीवाल्याचेच काम आहे.

पाणी, वीज आणि धूळ

पाणी आणि विजेचे मशीन एकत्र वापरायला सांगत आहे, म्हणून हे नीट वाचा. शक्य असेल तर बॅटरीवर चालणारे मशीन वापरा. वायरचे मशीन असेल तर घराच्या मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. आहे का पाहा आणि त्याचे 'टेस्ट' बटण दाबून तो पडतो का तपासा. नसेल तर वायरचे मशीन पाण्यासोबत वापरू नका. फवारा बिटवर मारा, मशीनवर नाही. एक्स्टेन्शन बोर्ड ओल्या जमिनीवर ठेवू नका. पायात रबरी तळव्याची कोरडी चप्पल हवी. छताकडे तोंड करून ओले ड्रिल कधीही नको, पाणी थेट मशीनमध्ये उतरते.

ओढणी, पदर, मोकळे केस, सैल बाह्या बांधून घ्या. डोळ्यांवर चष्मा हवा, नंबरचा नव्हे, कडेने बंद असलेला.

धुळीबद्दल मला जास्त काळजी वाटते. ग्रॅनाइटच्या आणि व्हिट्रिफाइडच्या धुळीत गारेचे सूक्ष्म कण असतात. ते फुप्फुसात बसले की निघत नाहीत, आणि वर्षानुवर्षे श्वासातून गेले तर सिलिकोसिस होतो. त्यावर बरे करणारे औषध नाही. क्वार्ट्झच्या पाटीत तर गारेचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्याही वर जाऊ शकते. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम दगडाच्या पाट्यांवर बंदी घातली ती त्या कापणाऱ्या कामगारांच्या फुप्फुसांसाठीच. तुमचे एक भोक म्हणजे वर्षभराचे काम नव्हे. पण तुमच्याकडे येणारा कारागीर रोज हेच करतो. पाणी वापरले की धूळ खूपच कमी उडते, म्हणून कोरडे ड्रिल करू देऊ नका. घरात एन-९५ मुखपट्टी असेल तर त्यालाही द्या. नंतर वाळलेला गाळ झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. तो सिंकमध्येही सोडू नका, पाइपात घट्ट बसतो.

बाथरूमच्या जमिनीत नको

स्टँड, दरवाजाचा स्टॉपर, कारण कोणतेही असो, न्हाणीघराच्या जमिनीत भोक पाडायचे टाळा. फरशीखाली वॉटरप्रूफिंगचा थर असतो. तो एकदा छेदला की खालच्या मजल्यावरच्या छताला ओल दिसायला काही महिने लागतात, आणि तोवर कारण कोणाच्याही लक्षात राहत नाही. कमोड बसवताना स्क्रू अपरिहार्य असतील तर भोक उथळ ठेवून सिलिकॉनने भरायला सांगा आणि तुमच्यासमोर भरून घ्या.

परवानगी, वेळ आणि भरपाई

भाड्याचे घर. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा लागतो. त्यातले दुरुस्ती आणि बदलांचे कलम वाचा. मालकाला फोनवर विचारले तरी लगेच एक संदेश पाठवून त्याचे 'हो' लेखी घ्या, भोकाची जागा दाखवणारा फोटो जोडा. घर सोडताना अनामत रक्कम कापली जाते ती बहुतेक वेळा अशाच तोंडी परवानग्यांवरून.

सोसायटी. घरातल्या टाईलमध्ये छोटे छिद्र पाडायला सहसा परवानगी लागत नाही. कॉलम, बीम आणि काँक्रीटच्या भिंतींना मात्र सोसायटीला विचारल्याशिवाय हात लावू नका. कामाच्या वेळा सोसायटी ठरवते, दुपारची विश्रांतीची वेळ बहुतेक ठिकाणी वगळलेली असते. ध्वनी प्रदूषण नियम २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ हा काळ रात्रीचा धरला जातो आणि आवाजाची मर्यादा तेव्हा आणखी कडक असते. शेजारी लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर आधी दार वाजवून सांगा.

नवे घर आणि पोकळ टाईल. वाजवून पाहताना अनेक टाईल पोकळ वाजल्या तर ड्रिल बाजूला ठेवा. स्थावर संपदा कायदा २०१६ नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष बिल्डरच्या नजरेस आणून दिला, तर ३० दिवसांत तो विनाखर्च दुरुस्त करणे त्याच्यावर बंधनकारक आहे. आधी लेखी कळवा, वाजवतानाचा व्हिडिओ जोडा. नाही केले तर महारेराकडे तक्रार करता येते. तुम्ही आधी भोक पाडून टाईल तडकवली तर दोष कोणाचा, यावर वाद सुरू होतो.

कंपनीच्या माणसाने फोडली तर. तो निघण्यापूर्वी फोटो काढा आणि त्याच्या कामाच्या पावतीवर 'बसवताना टाईलला तडा' असे लिहून घ्या. पावती मोबाइलवर येत असेल तर त्याच दिवशी कंपनीला लेखी तक्रार करा. बसवणे फुकट होते, असे उत्तर येईल. बसवण्याची सेवा यंत्राच्या किमतीतच धरलेली आहे, हा मुद्दा तुम्ही मांडा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे काम झाले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे जाता येते. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. भोक पाडायलाच नकार देणाऱ्याशी मात्र भांडू नका. योग्य बिट नसताना त्याने नाही म्हटले, हे तुमच्या फायद्याचेच झाले.

नाक्यावरचा कारागीर. काम सांगताना तीन प्रश्न विचारा : डायमंड बिट आहे का, पाणी घालून करणार का, फुटली तर काय. तिसऱ्याचे उत्तर काम सुरू होण्यापूर्वी ठरवा. बिट नसल्याचे त्याने आधी सांगितले आणि तरी तुम्ही 'कर रे, काही होत नाही' म्हणालात, तर त्याची मजुरी कापणे अन्याय आहे. डायमंड बिट तुम्हीच आणून देणे सर्वांत बरे.

टवका उडाला तर

छिद्राच्या कडेचा छोटा टवका नळाच्या किंवा दांड्याच्या चकतीखाली झाकला जातो, तो तसाच सोडा. झाकला जात नसेल तर ड्रिल करताना निघालेला पांढरा-करडा गाळ थोडा वाळवून ठेवा, तो इथे कामाला येतो. दोन नळ्यांतला इपॉक्सी गोंद समप्रमाणात घेऊन त्यात ही भुकटी कालवा, खड्ड्यात किंचित वर येईल इतकी भरा आणि एक दिवस राहू द्या. मग ब्लेड आडवे धरून वरचा फुगवटा तासा. काळ्या ग्रॅनाइटला चिमूटभर काळा रंग लागतो, कारण दगड काळा दिसला तरी त्याची भुकटी फिकी असते.

बारीक तडा गेला असेल आणि टाईल हलत नसेल तर पातळ इपॉक्सी त्यात उतरवा, म्हणजे पाणी मागे जाणार नाही. हलत असेल तर ती टाईल काढावीच लागेल. त्यासाठी उरलेल्या टाईल जपून ठेवलेल्या असाव्या लागतात. खोक्यावरचा बॅच आणि शेडचा क्रमांक लिहून ठेवा, एकाच नावाच्या दोन बॅचच्या छटा वेगळ्या निघतात. ओट्यातून निघालेली ग्रॅनाइटची ३५ मिलिमीटरची चकतीही टाकू नका. उद्या ओट्याची पट्टी जोडायची झाली तर दुकानात दगड जुळवायला तीच खिशात घालून नेता येते.